भरीव भाऊसाहेब

मुलुंडच्या कपबश्यांच्या कारखान्यात बळवंत परब कपांना कान चिकटवायचा. १९६८च्या पावसाळ्यात त्याची चौदा वर्षांची सुगंधा हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, दिवाळी दिसली तर दिसली. पोरीला बुद्धिबळाचं वेड आणि इतिहासाचंही.

"बाबा, मला पानिपत करून द्या ना. या वेळी आपण जिंकू."

बळवंताने मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत तो उरल्यासुरल्या मातीतून सैन्य घडवू लागला. मराठ्यांच्या हत्तींच्या जागी गारद्यांच्या तोफा, वजीर म्हणून विश्वासराव, पलीकडे अब्दाली आणि त्याचे उंट. प्रत्येक सोंगटी त्याने खालून कोरून पोकळ केली. जाड माती भट्टीत फुटते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. शेवटी मराठ्यांचा राजा, सदाशिवरावभाऊ राहिले. त्यांच्या पोटात कोरणी घालायला मात्र त्याचा हात धजेना.

भट्टीवाल्या धोंडूने भाऊ हातात घेतले आणि तो ओरडलाच, "अरे मेल्या, ह्यो भरीव हा! फुटतलो!"

"भाऊसाहेबांचं पोट कोरू? तूच कोर मग."

"माका नको ता पाप. पण सुकव तरी नीट. हवा बघ कसली दमट हा."

"सुकवायला वेळ कुठाय रे? पोरगी थांबणाराय काय?"

 धोंडूने मराठे वरच्या फळीवर मांडले, अब्दालीचं सैन्य खालच्या.

भट्टी उघडली तेव्हा भाऊ फुटले होते. त्यांच्या ठिकऱ्यांनी विश्वासरावांसकट वरची अख्खी फळी मोडून काढली होती. खाली अब्दालीच्या एकाही उंटाचा टवका उडाला नव्हता.

तेवढेच बळवंताने घरी नेले. सुगंधाने सगळे पांघरुणावर मांडून पाहिले.

"आपले कुठायत?"

"फुटले गं. मी भाऊ भरीव केले."

"का?"

त्याने सांगितलं. ती हसली आणि हसता हसता तिला धाप लागली.

"बाबा, तुम्ही पण ना! आतून पोकळ आहेत हे मी कुणाला सांगणार होते?"

दुसऱ्या दिवशी बळवंत पुन्हा मराठे घडवायला बसला. या वेळी त्याने भाऊंना आधी हात जोडले आणि मग कोरलं. ते फळीवर सुकत होते, तेव्हाच, नवरात्रात, सुगंधा गेली.

तेराव्यानंतर तो कामावर आला. धोंडू म्हणाला, "बळवंता, आज भट्टी लावतंय. दी ते."

बळवंताने कच्चे मराठे उचलून पाण्याच्या पिंपात सोडले आणि ते विरघळेपर्यंत तिथेच उभा राहिला.