होमपेजवरचं गाजर

आमचं लालबागला ड्रेपरीचं दुकान आहे. मावळ्याची बाराबंदी, परीचे पंख, वाघाची शेपटी, शाळेच्या गॅदरिंगला लागेल तो पोशाख आम्ही भाड्याने देतो. गेले दोन मोसम शाळांच्या बाई दुकानाची पायरी चढेनाशा झाल्या. आता म्हणे सगळं मोबाइलवर बघून मागवतात. शेवटी माझ्या थोरल्या भावाने, दादाने, जाहीर केलं, "हा डिसेंबर असाच गेला तर संक्रांतीला शटर खाली. कायमचं."

रडणाऱ्या पोराला दोन मिनिटांत माकड करून स्टेजवर ढकलणं, एवढी एकच विद्या मला येते. ती घेऊन बावन्नाव्या वर्षी मी कुणाच्या दारात उभा राहणार? मी म्हटलं, "दादा, आपण वेबसाइट करू."

तेव्हा जीभ चावली असती तर आज डोक्यावर चार केस जास्त असते.

वेबसाइट करायला परळहून एक तिशीच्या बाई आल्या. लॅपटॉप उघडून मला म्हणाल्या, "काका, होमपेजवर काय हवंय?" मी काका! आणि माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, पण केस काळे करणारा, तो त्यांच्यासाठीही दादा! बरं, असो.

दादाने गल्लीतलं गणपती मंडळ वर्षानुवर्षं चालवलंय. जाहिरात म्हणजे नाक्यावरचा फ्लेक्स, याच्यापलीकडे त्याची कल्पना जात नाही. त्याने कागदच पुढे केला. सर्वांत वर हार घातलेले आजोबा आणि वडील. मधोमध, हात जोडून, दादा. खाली मानाप्रमाणे वहिनी, शिवडीचा चुलतभाऊ, अँटॉप हिलची चुलतबहीण आणि अगदी शेवटी मी.

"आणि पोशाख?" बाईंनी विचारलं.

"जागा उरली तर टाका."

"दादा, लोकांना वाटेल तुम्ही निवडणुकीला उभे आहात."

"वाटू दे. धंदा माणूस बघून होतो."

बातमी नातेवाइकांत पसरली. शिवडीहून फोन आला, "माझा फोटो वहिनीपेक्षा लहान का रे? गणपतीत आरती कोण सांगतं?" अँटॉप हिलहून महाबळेश्वरच्या सहलीचे अकरा फोटो आले, "यातला कुठलाही चालेल, पण तिसरा घ्या." मी दुपारचं जेवण सोडून चेहऱ्यांची उंची मोजत बसलो. तीन आठवडे यात गेले! एक दिवस बाईंनी लॅपटॉप मिटला. "काका, चेहरे ठरले की फोन करा. शाळा तुमच्यासाठी गॅदरिंग पुढे ढकलणार नाहीत."

संक्रांत मला समोर दिसायला लागली. मी दादाला गाठलं. "दादा, एकही चेहरा गाळायचा नाही. पण ड्रेपरीवाल्याच्या घरची माणसं, आणि शर्टपँटमध्ये? शोभेल का?"

दादा विचारात पडला. मग म्हणाला, "मी राजा. मधोमध."

रविवारी दुकानासमोर फोटो काढले. वहिनी कोळीण झाली, चुलतभाऊ वाघ. परी झालेली चुलतबहीण पंखांसकट दारात अडकली, तिला आडवी करून बाहेर काढावी लागली. मानाने मी शेवटचा, त्यामुळे माझ्या वाट्याला उरलं ते भाजीमंडईच्या सेटमधलं गाजर. मुलांच्या मापाचं. पाठीमागची चेन अर्ध्यावर अडकलेली, पोट आत ओढलेलं आणि वरच्या भोकातून बाहेर आलेलं माझं तोंड. फोटो लागला उजव्या कोपऱ्यात, तळाशी.

उद्घाटन मुहूर्तावरच. लॅपटॉपला रिबीन, समोर नारळ. वहिनी हळदकुंकवाचं ताट घेऊन आली तसा बाईंनी लॅपटॉप छातीशी धरला. "वहिनी, झाकणाला लावा, आत नको!" दादाने मुकुटासकट बटण दाबलं. टाळ्या झाल्या, पेढे झाले. मग आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो.

काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. दादा अधूनमधून भिंतीवरचं कॅलेंडर उलटून शेवटचं, पुढच्या जानेवारीचं पान बघायचा. मला ते कॅलेंडर फाडावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. दादरच्या एका शाळेतल्या बाई होत्या. "तुमच्या साइटवर खाली कोपऱ्यात गाजर आहे ना?"

"आहे," मी सावधपणे म्हणालो.

"तशी दहा मिळतील? शिवाय भोपळे, वांगी... पहिलीची मुलं भाजीमंडई करतायत. एकाही भाजीला स्टेजवर जायचं नाहीये, म्हणून त्यांना आवडतील असे पोशाख शोधत होते. तुमचं गाजर बघून पोरं इतकी हसली! बिचारं एवढं वैतागलंय कशाने?"

"मोठी गोष्ट आहे, बाई. तुम्ही या, सांगतो."

फोन ठेवला. दादा गल्ल्यावरून बघतच होता. "राजाबद्दल काही म्हणाल्या?"

"नाही."

दादा उठला, कॅलेंडरचं पान त्याने डिसेंबरवर आणलं आणि कोपऱ्यातली शिडी माळ्याला लावली.

"भोपळे वर आहेत," तो म्हणाला. "शिडी नीट धर, गाजरा."