‘शक्यतो’

वेबपानं ज्या खुणांनी लिहितात, त्या सगळ्या टोकदार कंसांत बसतात. त्याचा दिवस त्या कंसांत जायचा, आणि तो बहिणीच्या मुलीचा मामा. म्हणून ती त्याला कंसमामा म्हणायची. “आमच्या कंसमामाने आजवर मुंगीसुद्धा मारलेली नाही,” असं ती मैत्रिणींना सांगायची. ते खरंच होतं.

पगाराची नोकरी एका लहान कंपनीत, दुसऱ्यांची पानं दुरुस्त करण्याची. बिनपगारी काम समितीचं. कोणती खूण ठेवायची, कोणती काढायची, ब्राउझरने तिचं काय करायचं, हे नियम समिती ठरवते. दर गुरुवारी दुपारी तो जेवणाचं टेबल पुसून लॅपटॉप उघडायचा. पडद्यावर नऊ चौकोन, नऊ चेहरे. तो संपादक होता. म्हणजे वाद सगळ्यांनी घालायचा आणि शेवटचं वाक्य त्याने लिहायचं.

नियमांतलं एक कलम त्याचं स्वतःचं. भाचीची आई म्हणजे त्याची ताई; तिची दृष्टी तिशीत गेली. ती एका दवाखान्यात फोनवर बसते. कोणते डॉक्टर कधी आहेत ते विचारणाऱ्यांना सांगते. ही नोकरी तिने कोणाच्या वशिल्याशिवाय मिळवली. पानावरचा तक्ता संगणक तिला वाचून दाखवतो, पण तक्ता कानाने ऐकणं म्हणजे विटा मोजून घर ओळखणं. म्हणून कंसमामाने सुचवलं होतं, की तक्त्याला न दिसणारं वर्णन जोडावं: आडव्या ओळीत वार, उभ्या रकान्यात विभाग, आयत्या वेळचे बदल शेवटी. एवढं आधी ऐकू आलं की ताई थेट हव्या त्या चौकटीत पोचते.

मसुद्यात त्याने लिहिलं होतं, ‘दिलेच पाहिजे’. समितीने तीन महिने त्या ‘च’चा कीस काढला. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, “अहो, ‘शक्यतो द्यावे’ करा ना. कलम आत तर येईल.” त्याने केलं. त्याला नऊ वर्षं झाली.

यंदा समितीतल्या एका तरुण अभियंत्याने लाखो पानांची पाहणी मांडली. “शंभरातल्या दोन तक्त्यांना वर्णन आहे. बहुतेकांत नुसतं ‘तक्ता’ लिहिलंय. काहींत टिंब.”

“सक्ती नव्हती ना,” कंसमामा म्हणाला.

“मग सक्ती का नाही लिहिलीत? कलम तुमचंच आहे.”

अध्यक्षबाईंनी समजुतीने विचारलं, “नीट वापरलेली पानं दाखवता? महिना देते.”

महिनाभर त्याने शोधलं. भाची शेजारी बसून पानं उघडायची. “मामा, इथे वर्णनात लिहिलंय, ‘इथे वर्णन लिहा’.” ती हसली, मग त्याच्याकडे बघून थांबली. शेवटी चार पानं सापडली. चारही त्यानेच केलेली. त्यांतलं एक ताईच्या दवाखान्याचं.

“स्वतःची पानं पुरावा म्हणून चालत नाहीत,” अभियंता म्हणाला. “पाचवं आहे?”

“नाही. पण माझी बहीण रोज...”

“त्यांच्याबद्दल आदर आहे मला. वर्णन सरळ तक्त्याच्या वर लिहा की, सगळ्यांना दिसेल असं.”

“दवाखाना ठेवू देत नाही. जागा खातं म्हणतात.”

“मग तो दवाखान्याचा प्रश्न झाला.”

तो हे इतक्या सौम्यपणे बोलला की रागावताही येईना. अध्यक्षबाईंनी हरकत विचारली. एक हात वर झाला. ‘संपादकांची हरकत नोंदवून कलम वगळले’ हे वाक्य मग संपादकांनीच लिहिलं. कलम पुसण्याआधी त्याने त्यातला एक चुकलेला स्वल्पविराम दुरुस्त केला.

ताईला सांगायला तो तिच्या घरी गेला.

“म्हणजे बंद पडणार?”

“ब्राउझरची नवी आवृत्ती आली की.”

“तू होतास ना तिथे?”

“होतो.”

“बरं.” मग ती म्हणाली, “तू तक्ता वाच, मी पाठ करते. पाढे तुझ्याआधी माझेच पाठ व्हायचे.”

नवी आवृत्ती आली. दर सोमवारी सकाळी तो तिला फोनवर तक्ता वाचून दाखवू लागला. “हळू रे. यंत्राचा वेग कमी तरी करता यायचा,” ती म्हणायची. दोन आठवडे निभावलं. तिसऱ्या बुधवारी हाडांच्या डॉक्टरांनी आपला दिवस बदलला. पानावर ते शेवटच्या रकान्यात दिसत होतं. ताईने पाठ केलेलं सांगितलं: “आहेत डॉक्टर, या.” एक माणूस म्हाताऱ्या आईला दोन बस बदलून घेऊन आला. तिला चालता येत नव्हतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

“पुढच्या महिन्यापासून फोनवर दुसरी मुलगी बसणार. मी तिच्या शेजारी.”

“कोण म्हणालं?”

“साहेब. चांगले बोलले रे, ओरडले नाहीत. फक्त शेजारी बसून मी काय करायचं, ते नाही बोलले.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतोयस ना?”

“ऐकतोय, ताई.”