जादा ब्रेक

गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली ती मास्तरीणबाईंनी, आणि बसचालकाच्या परीक्षेत तीनदा आपटल्या त्याही मास्तरीणबाईच. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' असं दुसरं कोणी म्हणायच्या आत त्या स्वतःच म्हणून मोकळ्या व्हायच्या. लोकांनी हसण्यापेक्षा आपणच आधी हसलेलं बरं, एवढंच त्यामागचं शहाणपण.

बाईंना बस हवी होती. शिकवणीची गाडी त्याच मैदानात घाण्याच्या बैलासारखी फिरते. बस माणसं भरून कुठंतरी पोहोचते. एका खोलीत एकटीनं राहणाऱ्या बाईला आपल्या पाठीमागची ती गजबज किती हवीशी वाटते, हे भरल्या घरातल्यांना कळायचं नाही.

घोडं अडत होतं पायापाशी. शिकवणाऱ्याच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो; शिकाऊ चुकला की तो दाबायचा. बाईंनी उभी हयात दुसऱ्यांच्या चुकांवर तो दाबला होता. परीक्षेत बस दोन पिंपांच्या मधून, न थांबता, मागे न्यायची असते. आरशात पिंप जवळ दिसलं रे दिसलं की बाईंचा पाय आपसूक ब्रेकवर.

"बाई, बस न्यायचीय, वाचवायची नाही," तिसऱ्या खेपेला परीक्षक वैतागून म्हणाला.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, सोड ना गं आता हा नाद."

"सोडला," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि भिंतीकडे बघून स्वतःवर तोंड सोडलं. "ठोंबी मेली! इतकं साधं जमत नाही!" समजूत काढायला खोलीत चिटपाखरू नव्हतं. रडू आलं, आणि मग त्या रडण्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गृहस्थ शिकायला आले. चढावर गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली, तसा त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "गाढव आहे मी, गाढव!"

"काका, शिव्या घालून गाडी चढत नाही. श्वास घ्या. पुन्हा क्लच दाबा," बाई सवयीनं म्हणाल्या. परक्या माणसासाठी जिभेवर इतकी माया, आणि आपल्याला मात्र काल काय काय बोललो! बाईंना स्वतःची फार कीव आली, अगदी पहिल्यांदाच.

चौथ्या परीक्षेतही पाय गेलाच. बस पिंपाशी गपकन थांबली. परीक्षकानं मान हलवली.

"असू दे गं," बाई मोठ्यानंच म्हणाल्या. "श्वास घे. पुन्हा क्लच दाब." आणि बस दोन्ही पिंपांना न शिवता अलगद मागे गेली. पण नियम तो नियम. थांबली म्हणजे नापास.

बाई कचेरीच्या खिडकीपाशी गेल्या, परीक्षेची पुढची तारीख मागितली. आतला माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "परत तुम्हीच? कंटाळा नाही येत?"

"येतो ना," बाई म्हणाल्या. "पण मला शिकवायला माझ्याशिवाय आहे कोण?"