आक्काचा वैरी

भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबायचा. शेजारी ठेवलेल्या कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवून ती म्हणायची, "त्येला मी सोडणार न्हाय." आणि पुन्हा थापायला लागायची.

खानापूरच्या रानालगत एका लाकडाच्या वखारीत मी तेव्हा कारकून होतो. ही आमची स्वैपाकीण. सगळे तिला आक्का म्हणत. तिचा नवरा वखारीतच ओंडक्याखाली सापडून गेला होता. मागे राहिली त्याची कुत्री. नवऱ्याशी बोलायचं राहून गेलेलं सगळं आक्का तिच्याशी बोलायची.

एका दुपारी हाका मारूनही कुत्री आली नाही, म्हणून आक्का ओढ्यावर गेली. तिथे पोट फुगलेला अजगर साळिंदराच्या बिळात शिरत होता. आक्कानं दोन्ही हातांनी शेपूट धरून ओढलं. तो सावकाश आत गेला. तिच्या हातांत नुसता गारवा राहिला.

मग तिनं अजगराची माहिती जमवायला घेतली, ती मारण्यासाठीच. जो लाकूडतोड्या काही सांगे, त्याच्या पानात तूप जास्त पडे. अजगराला विष नसतं. तो पाठलाग करत नाही, दबा धरून बसतो. थंडीत उन्हाला बाहेर येतो. एकदा गिळलं की महिनाभर त्याला काही लागत नाही.

"आक्का, म्हणजे तुमच्या खानावळीला हे गिऱ्हाईक परवडायचं नाही," मी म्हणालो.

ती हसली नाही. "खाऊ दे. आता शेवटचंच खातोय."

थंडीत तो खडकावर ऊन खात पडलेला तिला सापडला. घाव शेपटीवर बसला आणि तो निसटला. तरी घाव बसला म्हणून त्या दिवशी आम्हाला न मागता गूळ मिळाला.

उन्हाळ्यात ती बिळाशी गेली आणि कोयता तसाच घेऊन परत आली. आम्ही जेवत होतो.

"बाई हाय ती," आक्का म्हणाली. "अंड्यांवर बसलीया. लई वाळलीया. अंग सारखं थरथरतंय."

एक म्हातारा लाकूडतोड्या म्हणाला, "अंड्यास्नी ऊब देती ती. पिल्लं निघंस्तवर खायाची न्हाय."

"मग मारलं का नाही?" मी विचारलं.

"उपाशी हाय. अंड्यांवरनं उठू दे. दोन घास खाऊ दे. मग बघते तिच्याकडं."

ही गोष्ट मालकाच्या कानावर गेली. जंगलखात्याच्या साहेबाला भेट द्यायला त्याला कातडं हवंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बंदूक घेऊन गेला. दुपारी वखारीतल्या लांब फळीवर मीठ चोळलेलं कातडं खिळ्यांनी ताणलेलं होतं. शेपटीवरचा जुना घाव स्पष्ट दिसत होता.

आक्का त्यावर बोट ठेवून उभी राहिली.

"वैर माझं हुतं, मालक. तुमचं तिनं काय खाल्लं हुतं?"

"तुझंच काम केलं की गं," मालक हसला. "साखर वाट."

तिनं कोयता आणला. डोक्यापासून शेपटीपर्यंत कातड्याचे तुकडे केले. मालक ओरडत राहिला, पण तिच्याजवळ जायची त्याची छाती झाली नाही, आमचीही नाही. तुकडे तिनं चुलीत घातले. वर मालकाच्याच भाताचं आधण होतं. भात शिजला तसा तिनं त्याच्यापुढे वाढला. "जेवा."

तो पानावरून उठला. संध्याकाळी साहेब आला, तेव्हा दाखवायला फळीवरचे खिळे तेवढे उरले होते.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही. मी शोधत स्टेशनवर गेलो. आक्का गाठोडं घेऊन बाकावर बसली होती. कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले, नखांतसुद्धा माती.

"कुठं निघालात?"

"भावाकडं. कडोलीला."

"बिळाकडे गेला होतात?"

तिनं मान हलवली. "अंडी गार पडलती," म्हणाली. "झाकून आले."

गाडी आली. मी गाठोडं वर दिलं. ते तिनं मांडीवर घेतलं आणि मातीचे हात त्यावर तसेच ठेवले.