आबांनी केलेली कपाटं

माझ्या स्वयंपाकघरातली भिंतीवरची सागवानी कपाटं माझ्या वडिलांनी केलेली. आबा सुतार. मंगळवार पेठेत त्यांनी बसवलेली दारं खूप. लहानपणी मी रंध्याला हात लावला की ओरडायचे, "ठेव ते. पोरीचं काम न्हाय." पण बघायला मनाई नव्हती, आणि मी मनापासून बघत राहायचे. पुढं मी शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं आणि त्यांनी महिनाभर खपून मला ही कपाटं करून दिली.

दहा-बारा वर्षांत फोडणीच्या धुरानं ती काळी झाली. हात लावला की चिकटायचा. उजवीकडचं दार खाली घासायचं. गुडघा लावल्याशिवाय मिटायचं नाही. नवरा शाहूपुरीत जाऊन लॅमिनेटची चकचकीत कपाटं बघून आला. एव्हाना आबांच्या हातांना कंप सुटला होता आणि त्यांनी हत्यारं खाली ठेवली होती. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "काढून टाका. कुणाला येळ हाय?"

"मला हाय," मी म्हणाले. "मे महिन्याची सुट्टी लागलीया. मी करते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा येऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले.

मी डबे बाहेर काढले, दारं उतरवली. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, फडकं घट्ट पिळून, तेलकट थर पुसायला घेतला. पाणी तपकिरी, मग पिवळं, मग बरंचसं स्वच्छ. दोन दिवस दारं सावलीत वाळवली. मग पॉलिश पेपर, लाकडाच्या रेघेनं, आडवा अजिबात नाही. खालून सागवानाचा मधासारखा रंग वर आला, तेव्हा नवराही चहा घेऊन तिथंच उभा राहिला. लॅमिनेटचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

भांडण झालं ते उजव्या दारावरून. ते परत बसवून बघितलं, तर घासायचं ते घासतच होतं.

"खालनं फुगलंय," आबा म्हणाले. "रंधा मार."

मी टेपनं दार वर, मध्ये, खाली मोजलं. रुंदी सगळीकडं सारखी.

"आबा, दार फुगलं न्हाय. वरची बिजागरी सैल झालीया, म्हणून दार खाली उतरलंय. रंधा मारला तर फट पडंल."

"चाळीस वर्सं दारं बसवली मी. मला शिकवतीस व्हय?"

"शिकवत न्हाय. हात लावून बघा की."

ते उठले. कापरं बोट बिजागरीवर ठेवून त्यांनी दार हलवलं. स्क्रू भोकात खुळखुळला. मला वाटलं, आता रागावून घरी जातील.

"व्हय की," ते म्हणाले. "काडेपेटी आण."

काड्यांची टोकं मोडून त्या सरसात बुडवायच्या, भोकात ठोकून भरायच्या आणि सरस वाळला की तिथंच स्क्रू पिळायचा, हे त्यांनी सांगितलं, हात माझे. दुसऱ्या दिवशी दार एका बोटानं मिटलं. आबांनी ते सहा-सात वेळा उघडून-मिटून बघितलं. शेवटी शेगडीची धग सोसेल असं वॉर्निश मारून मी काम संपवलं.

आठवड्यानं मागच्या गल्लीतल्या एक काकू दारात हजर. "तुझं वडील म्हणालं, आमची कपाटं तू करून देणार हाईस."

मी आबांकडं गेले. "मला न विचारता कसं सांगितलंत?"

"मग काय सांगू? येत न्हाय म्हणून? येतंय की तुला."

पुढच्या सुट्ट्यांत आम्ही दोघांनी चार स्वयंपाकघरं केली; आबा खुर्चीवर, मी स्टुलावर. प्रत्येक घरी वाद झाला. निम्म्या वेळा त्यांचं बरोबर निघालं.