नासलेली साखर

शेजारीपाजारी तिला किरणबाई म्हणत. तिचं काम किरणोत्सारी साखर बनवण्याचं. शिशाच्या जाड भिंतीआड यांत्रिक हातांनी ती बनते. रुग्णाच्या शिरेत टोचली की शरीरातल्या हावरट गाठी आधी ती ओढून घेतात आणि कॅमेऱ्यात उजळून दिसतात. काही तासांत तिचं तेज ओसरतं, त्यामुळे साठवायची सोय नाही. रोज ताजी करावी लागते.

सासूला यातला ‘किरण’ तेवढा कळला होता. सून घरी आली की आधी अंघोळ, मगच नातीला हात.

"आई, आम्हाला रोज तपासूनच सोडतात हो."

"तपासणारे तुझ्याच ऑफिसातले ना?"

नवरा अशा वेळी पेपरात तोंड खुपसायचा.

मग सासूच्या फुप्फुसात डाग दिसला आणि डॉक्टरांनी नेमकं हेच स्कॅन सांगितलं. सासूनं नात्यात फोन लावले, "मला मधुमेह, आणि सून साखर टोचतेय!"

त्या दिवशी सासू हॉस्पिटलात उपाशीपोटी बसलेली, आणि इकडे तयार मालाच्या तपासणीत भेसळ निघाली.

साहेब म्हणाले, "किंचितच जास्त आहे. रुग्ण खोळंबलेत. त्यात तुमच्या सासूबाई."

"म्हणूनच नको. उद्या काही झालं तर सुनेनं विष घातलं म्हणतील."

तिनं तो माल बाजूला काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "आई भुकेनं भडकलीये. काय सांगू?"

"सांग, साखर नासली."

त्यानं इमानेइतबारे तसंच सांगितलं. "दूध नासतं, साखर कशी नासेल?" सासू कडाडली. "हिला स्वयंपाक येत नाही तो नाहीच!"

दुपारी नवा माल तपासणीत उतरला, स्कॅन झालं. संध्याकाळपर्यंत लहान मुलांपासून लांब राहा, असं हॉस्पिटलनं बजावलं. नात दार ठोठावत होती आणि सासू आतून ओरडत होती, "जवळ येऊ नकोस गं!" सून ताट घेऊन दाराशी थबकली.

"तू ये आत," सासू हळूच म्हणाली. "तुला सवय आहे."

दोघी एकत्र जेवल्या. तसं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

निकाल आला. तो डाग म्हणजे केव्हाच बऱ्या झालेल्या आजाराचा व्रण होता. सासू नळ सोडून बाथरूममध्ये रडली. मग डोळे पुसून बाहेर आली आणि तिनं बहिणीला फोन लावला, "डॉक्टर म्हणाले, या वयात अशी फुप्फुसं बघायला मिळत नाहीत!"

डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. सून नातीला झोपवायला घेऊन गेली.