बाकावरचं गिऱ्हाईक

त्याचं सलून तीस वर्षं चाललं ते निम्मं हातावर, निम्मं जिभेवर. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, भिंतीलगत बाक. कात्रीबरोबर तोंडही चालायचं. मग गिऱ्हाइकं विचारायला लागली, "काय, आज मूड नाही वाटतं?"

"आहे की! हसतोय ना."

एकदा त्याने वर पाहिलं. विनोद त्याचाच होता, गिऱ्हाईक खो खो हसत होतं, आणि आरशात एकामागे एक उभे असलेले त्याचेच चेहरे लाकडासारखे कोरे होते. पापणीही लवत नव्हती. स्वतःच्याच दुकानात त्याच्या अंगावर काटा आला.

घरी बायको धास्तावलेली. "माझं काही चुकलं का?" असं ती महिन्यातून दोनदा तरी विचारायची.

पुढे उजवा अंगठा बोटावर आपोआप फिरू लागला, गोळी वळावी तसा. एक दिवस वस्तरा निवृत्त मास्तरांच्या कानाला लागला. मास्तरांनी रक्त पुसलं. म्हणाले, "माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो."

डॉक्टरीणबाईंनी त्याला चालवून पाहिलं, बोटं आपटायला लावली. "पार्किन्सन्स आहे. हालचाली सांभाळणारं एक रसायन मेंदूत कमी पडतंय. चेहराही त्यातच अडकतो. हसू आतच राहतं. मुळापासून जात नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या आणि व्यायाम केला तर बरीच वर्षं चांगली जातात."

बरोबर आलेली बायको दवाखान्याच्या जिन्यातच बसली. "म्हणजे तुम्ही रागावला नव्हतात."

तेव्हापासून ती सरळ विचारायची, "हसताय का?" तो म्हणायचा, "हसतोय."

वस्तरा त्याने ठेवून दिला. दाढ्या मुलगी करायची, तो नुसत्या गप्पा मारायचा. पाच वर्षांनी बाकावर एक माणूस येऊन बसू लागला. राखाडी कोट, मांडीवर हात. बोलायचा नाही.

"अगं, यांना घे ना. केव्हाचे ताटकळलेत," तो मुलीला म्हणाला.

मुलीचा हात थांबला. "बाबा, तिथे कोणी नाही."

डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही. "या आजारात असं दिसू शकतं, औषधानेही दिसतं. लपवू नका, आणि गोळ्या मनाने बंद करू नका." एक गोळी त्यांनीच कमी केली. तो माणूस क्वचित येऊ लागला, पण यायचा. कधी घरीही.

आता दारातून जाताना त्याचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. बायकोने उंबऱ्यापाशी लाल पट्टी चिकटवलीय. तिच्यावरून पाय टाकायचा म्हटलं की पाऊल सुटतं. काल संध्याकाळी ती "एक, दोन" म्हणाली, तरी तो हलेना.

"काय झालं?"

"तो पलीकडेच उभा आहे. धक्का लागेल."

तिने रिकाम्या अंधाऱ्या पॅसेजकडे पाहिलं. जराशी घाबरलीही. मग म्हणाली, "अहो, बाजूला व्हा जरा. यांना जेवायचंय."

त्याने पाय उचलला.